डेबियनमध्ये जीडीबीचं पॅकेज सांभाळायचं तर

टेक्स्ट एडिटर बिघडला तर तो उघडत नाही आणि सगळ्यांना लगेच कळतं. डिबगर, म्हणजे चालू प्रोग्रॅम थांबवून आतलं दाखवणारं साधन, बिघडतो तेव्हा तो बऱ्याचदा नीट उघडतो, ब्रेकपॉइंटवर थांबतो आणि व्हेरिएबलची चुकीची किंमत दाखवतो. मग वापरणारा बिचारा स्वतःच्या निर्दोष कोडमध्ये रात्रभर बग शोधत बसतो. म्हणून डिबगरच्या पॅकेजमध्ये ‘बिल्ड झालं’ याला फारशी किंमत नाही. कंपायलर, कर्नल, सी लायब्ररी, पायथन आणि डिबग सिम्बॉल (बायनरीतला पत्ता सोर्समधल्या नावांशी जोडणारी माहिती) यांतलं काहीही हललं, तरी डिबगर खरं बोलतोय ना, हे पुन्हा बघावं लागतं. मेंटेनरचं, म्हणजे पॅकेज सांभाळणाऱ्याचं, मुख्य काम हेच. पॅकेजिंगचे नियम त्यामानाने सोपे असतात.

उदाहरण म्हणून डेबियन या लिनक्स वितरणातला जीडीबी, म्हणजे जीएनयू डिबगर, घेऊ. रिचर्ड स्टॉलमन यांनी तो १९८६ मध्ये लिहिला, म्हणजे १९९३ मध्ये सुरू झालेल्या डेबियनपेक्षाही तो जुना. तुम्हाला गिट येत असेल, सी किंवा सी++ वाचता येत असेल आणि टर्मिनलची भीती नसेल, तर सुरुवातीला एवढं पुरे. डेबियनचे अधिकृत डेव्हलपर असण्याची गरज नाही. आज्ञा आणि फाइलींची नावं मी इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत, टाइप करताना ती अर्थातच रोमन लिपीत.

पहिली पायरी: आधी पॅकेज वाचा

‘एपीटी सोर्स जीडीबी’ म्हणा आणि आलेल्या फोल्डरमधली ‘डेबियन’ नावाची डिरेक्टरी उघडा. बाहेरचा सगळा पसारा अपस्ट्रीमचा, म्हणजे मूळ प्रकल्पाचा. तुमची जबाबदारी या एका डिरेक्टरीची. ‘कंट्रोल’ फाइलमध्ये पॅकेजांची नावं आणि अवलंबित्वं, ‘रूल्स’मध्ये बिल्डची कृती, ‘चेंजलॉग’मध्ये इतिहास आणि ‘पॅचेस’मध्ये डेबियनने केलेले बदल असतात. चेंजलॉग शेवटून सुरुवातीकडे निवांत वाचून काढा. कुठला पर्याय का चालू केला आणि कुठला का बंद केला, याची कारणं तिथे सापडतात. त्यातली बरीचशी दुसरीकडे कुठेच लिहिलेली नसतात.

एका सोर्समधून अनेक पॅकेजं निघतात. ‘जीडीबी’ हे नेहमीचं. ‘जीडीबी-मिनिमल’मध्ये पायथन आणि इतर जड गोष्टी नाहीत, त्यामुळे ते लहान यंत्रणांवर बरं पडतं. ‘जीडीबी-मल्टिआर्क’ला अनेक आर्किटेक्चरची, म्हणजे प्रोसेसरच्या प्रकारांची, भाषा कळते. लॅपटॉपवर बसून एखाद्या आर्म बोर्डावरचा प्रोग्रॅम तपासणाऱ्याला हेच लागतं. ‘जीडीबीसर्व्हर’ त्या बोर्डावर चालतो आणि लॅपटॉपवरच्या जीडीबीशी बोलतो. हे प्रकार वेगवेगळ्या पर्यायांनी पुन्हा पुन्हा कंपाइल होतात, म्हणून एका बिल्डला तुमच्या अंदाजापेक्षा बराच जास्त वेळ लागतो. चहा करून, पिऊन, कप धुऊन या.

मॅन्युअल मात्र या गठ्ठ्यात नाही. जीडीबीच्या मॅन्युअलमध्ये बदलता न येणारे विभाग आहेत. असे विभाग असलेलं जीएफडीएल (जीएनयूचा दस्तऐवजांसाठीचा परवाना) परवान्याखालचं साहित्य डेबियनच्या व्याख्येत मुक्त ठरत नाही, असा निर्णय डेबियनच्या सभासदांनी २००६ मध्ये मतदान करून घेतला. म्हणून ‘जीडीबी-डॉक’ हे वेगळं पॅकेज ‘नॉन-फ्री’ विभागात राहतं. नव्या माणसाला हे विचित्र वाटतं. इतक्या जुन्या मुक्त डिबगरचं मॅन्युअल मुक्त नाही! पण हे लक्षात असू द्या. नवी आवृत्ती आणताना ती दस्तऐवजं मुख्य पॅकेजात शिरली, तर परवान्याचा गंभीर बग तुमच्या नावावर लागतो.

दुसरी पायरी: कामाची जागा

रोजच्या मशीनवर डेबियनची स्थिर आवृत्ती असेल तर असू द्या. बिल्ड मात्र ‘अनस्टेबल’च्या, म्हणजे ‘सिड’च्या स्वच्छ वातावरणात करायचं. ‘एसबिल्ड’ हेच करतं: दर वेळी कोरी यंत्रणा, त्यात फक्त ‘कंट्रोल’मध्ये लिहिलेली अवलंबित्वं. तुमच्या मशीनवर सहज पडून असलेली एखादी लायब्ररी पॅकेजला गुपचूप मदत करत असेल, तर ते इथे उघडं पडतं. सोबत गिट, ‘जीबीपी’ (गिटमधून पॅकेज बांधायला), ‘क्विल्ट’ (पॅच सांभाळायला), ‘लिंटियन’ (पॅकेजातल्या चुका शोधायला) आणि ‘डेव्हस्क्रिप्ट्स’ (मेंटेनरच्या छोट्या आज्ञांचा संच) टाकून घ्या. पॅकेजची गिट रिपॉझिटरी कुठे आहे ते ‘कंट्रोल’मधल्या ‘व्हीसीएस-गिट’ या ओळीत लिहिलेलं असतं. डेबियनची बहुतेक रिपॉझिटरी ‘साल्सा’ या गिटलॅब सर्व्हरवर आहेत.

तिसरी पायरी: नवी आवृत्ती आणणं

जीडीबीचे आवृत्तीक्रमांक जरा निराळे असतात. नव्या शाखेची पहिली खरी आवृत्ती १३.१, १४.१, १५.१ अशी येते. त्याआधीच्या चाचणी आवृत्तीला १३.०.९० असं म्हणतात. आपल्यासाठी ही सोय आहे, कारण १३.०.९० हा आकडा १३.१ पेक्षा आपोआप लहान ठरतो. चाचणी आवृत्तीच्या क्रमांकाला ‘आरसी’ जोडणाऱ्या प्रकल्पांमध्ये मध्ये टिल्डचं चिन्ह घालावं लागतं. नाहीतर चाचणी आवृत्ती अंतिम आवृत्तीपेक्षा नवी ठरते आणि वापरणाऱ्यांना अपग्रेड मिळतच नाही.

‘यूस्कॅन’ ही आज्ञा ‘वॉच’ फाइल वाचून नवी आवृत्ती आली का ते सांगते. आलेला टारबॉल, म्हणजे सोर्सचा गठ्ठा, ‘जीबीपी इम्पोर्ट-ओरिग’ने रिपॉझिटरीत घ्या. मग ‘न्यूज’ फाइल वाचा, पण बांधणाऱ्याच्या नजरेने: कुठली लायब्ररी आता सक्तीची झाली, कुठलं आर्किटेक्चर काढलं, कंपायलर किती नवा हवा. जीडीबी ८.० पासून सी++११ समजणारा कंपायलर लागू लागला आणि ११ पासून मोठ्या संख्यांच्या गणिताची जीएमपी लायब्ररी सक्तीची झाली. असे बदल ‘कंट्रोल’मध्ये उतरले पाहिजेत. नसलेली लायब्ररी सक्तीची असेल तर बिल्ड थांबतं, ते एक वेळ परवडलं. ऐच्छिक लायब्ररी नसेल तर कॉन्फिगर स्क्रिप्ट काही न बोलता ती सुविधा गाळून पुढे जाते. सुविधा गेल्याचं तुम्हाला दोन महिन्यांनी कोणाच्या तरी बग रिपोर्टमधून कळतं. यावर उपाय म्हणजे ‘रूल्स’मध्ये हवी ती सुविधा स्पष्टपणे मागणं, म्हणजे ती मिळाली नाही तर बिल्डच मोडेल.

आणखी एक: जीडीबी आणि बिनयुटिल्स (लिंकर, असेंब्लर वगैरे साधनांचा संच) एकाच गिट रिपॉझिटरीत राहतात. म्हणून टारबॉलमध्ये ‘बीएफडी’ आणि ‘ऑपकोड्स’ या दोघांच्या सामायिक लायब्ररी येतात, तसंच रीडलाइन आणि झेडलिबच्या प्रतीही असतात. रीडलाइन आणि झेडलिबसाठी डेबियनमधल्या लायब्ररीच वापरायच्या. त्यांच्यात सुरक्षेची दुरुस्ती झाली तर ती जीडीबीला आपसूक मिळते.

चौथी पायरी: पॅच

जुने पॅच नव्या सोर्सवर बसतात का ते ‘क्विल्ट पुश’ने एकेक करून बघा. जो बसत नाही त्याला जबरदस्तीने बसवण्याआधी अपस्ट्रीमने तोच बदल घेतला आहे का ते शोधा. घेतला असेल तर पॅच आनंदाने काढून टाका. प्रत्येक पॅचच्या डोक्यावर वर्णन, लेखक, मूळ स्रोत आणि अपस्ट्रीमला पाठवला की नाही, एवढं लिहिलेलं असावं. ‘डेप-३’ नावाचा ठराविक साचा त्यासाठीच आहे.

माझं मत जरा कडक आहे: डिबगरमध्ये स्वतःचा असा पॅच शक्यतो ठेवूच नये. डिबग माहिती वाचणाऱ्या कोडमध्ये तुम्ही केलेला हुशार बदल दोन वर्षांनी कंपायलरच्या नव्या आवृत्तीपुढे कसा वागेल, हे तुम्ही सांगू शकत नाही. अपस्ट्रीममधून घेतलेली दुरुस्ती चालेल. पाथ बदलणारा छोटा पॅचही चालेल. बाकीचं आधी अपस्ट्रीमकडे न्या.

पाचवी पायरी: तो खरं बोलतोय का?

पॅकेज बांधून झालं, ‘लिंटियन’नेही फार कुरकुर केली नाही. आता खरं काम सुरू होतं.

जीडीबीबरोबर ‘डेजाग्नू’ या चाचणी-चौकटीवर चालणारा प्रचंड चाचणीसंच येतो. तो चालवा, पण सगळं हिरवं होण्याची वाट बघू नका. काही चाचण्या नेहमीच नापास होतात, कधी कर्नलमुळे, कधी कंपायलरमुळे, तर कधी वेळेच्या गणितामुळे. आधीच्या आवृत्तीचा आणि नव्या आवृत्तीचा निकाल ‘जीडीबी.सम’ या फाइलींमध्ये असतो. दोन्ही एकाच यंत्रणेवर काढून त्यांचा ‘डिफ’ बघा. काल पास झालेली आणि आज नापास झालेली चाचणी, एवढीच तुमच्या कामाची.

चाचण्या कुठे चालवता यालाही महत्त्व आहे. जीडीबीचा सगळा खेळ ‘पीट्रेस’ या, एका प्रोसेसला दुसरीवर ताबा देणाऱ्या, सिस्टम कॉलवर चालतो आणि क्यूएमू या इम्युलेटरचं यूजर-मोड इम्युलेशन पीट्रेस देत नाही. म्हणजे इंटेलच्या लॅपटॉपवर त्या पद्धतीने आर्मचं पॅकेज बांधता येईल, पण त्यातला डिबगर तपासता येणार नाही. त्यासाठी पूर्ण यंत्रणेचं इम्युलेशन किंवा खरं हार्डवेअर हवं. डेबियनकडे वेगवेगळ्या आर्किटेक्चरची ‘पोर्टरबॉक्स’ मशीनं आहेत. अधिकृत डेव्हलपर नसलेल्यालाही तिथे तात्पुरतं खातं मागता येतं.

त्यानंतर हाताने तपासा. एक छोटा सी++ प्रोग्रॅम लिहा, त्यात एक व्हेक्टर, दोन थ्रेड आणि मुद्दाम केलेला क्रॅश ठेवा. ‘-जी’ देऊन कंपाइल करा आणि डिबगरमध्ये टाका.

व्हेक्टर ‘प्रिंट’ केल्यावर आतले घटक सुटसुटीत दिसले पाहिजेत. त्याऐवजी ‘एम-इम्प्ल’सारखी आतली हाडं दिसली, तर पायथनचा दुवा तुटला आहे. सी++ लायब्ररीचे सुबक छपाई करणारे तुकडे पायथनमध्ये लिहिलेले आहेत आणि जीडीबी ते ऑटो-लोडच्या डिरेक्टरीतून उचलतो.

‘प्रिंट एरनो’ करा. ही थ्रेडनिहाय किंमत मिळवायला जीडीबी सहसा ग्लिबसी या सी लायब्ररीबरोबर येणारी ‘लिबथ्रेड-डीबी’ वापरतो, त्यामुळे एका आज्ञेत दोन्ही गोष्टी तपासून होतात.

प्रोग्रॅम क्रॅश करून कोअर फाइल उघडा आणि ‘बॅकट्रेस’ घ्या. मग चालू प्रोसेसला ‘अटॅच’ करा. जीडीबीसर्व्हर एका टर्मिनलमध्ये सुरू करून दुसऱ्यातून जोडा. शेवटी ‘शो कॉन्फिगरेशन’ म्हणा आणि मागच्या आवृत्तीच्या उत्तराशी ताडून बघा. गुपचूप गळालेल्या सुविधा इथे सापडतात.

डिबग सिम्बॉलची वाटही चालून बघा. प्रत्येक बायनरीत ‘बिल्ड-आयडी’ नावाचा एक षोडशमान ठसा असतो. त्याची पहिली दोन अक्षरं डिरेक्टरीचं नाव होतात आणि उरलेली फाइलचं. जीडीबी त्यावरून ‘/यूएसआर/लिब/डीबग/.बिल्ड-आयडी’खाली शोध घेतो. डेबियन ९ पासून सिम्बॉलची ‘-डीबीजीसिम’ पॅकेजं आपोआप तयार होतात आणि वेगळ्या संग्रहात ठेवली जातात. शिवाय जीडीबी १०.१ पासून ‘डिबगइन्फोडी’ या सिम्बॉल पुरवणाऱ्या सेवेचा आधार आहे. ‘डिबगइन्फोडी-यूआरएल्स’ या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये डेबियनच्या सर्व्हरचा पत्ता दिला की हवे तेवढेच सिम्बॉल नेटवरून येतात. दोन्ही वाटा चालतात याची खात्री करा, कारण वापरणारे दोन्ही वापरतात.

शक्य असेल तेव्हा त्या वेळच्या सर्वांत नव्या जीसीसीने (जीएनयूच्या कंपायलरने) बांधलेला प्रोग्रॅमही तपासा. जीसीसी ११ ने २०२१ मध्ये ड्वॉर्फ ५ हा डिबग माहितीचा साचा मूळ पर्याय केला. जुने डिबगर अशा फाइली वाचताना अडखळतात. कंपायलरचा मेंटेनर पुढे गेला की मागोमाग तुम्हाला धावावंच लागतं.

सहावी पायरी: अपलोड

‘डीसीएच’ या आज्ञेने चेंजलॉगची नोंद लिहा. ‘नवी आवृत्ती’ एवढंच लिहून मोकळे होऊ नका. वापरणाऱ्याला जाणवेल असा बदल आणि बंद झालेल्या बगांचे क्रमांक द्या. डेबियनमध्ये एरवी फक्त सोर्स अपलोड करायचा असतो, बायनरी प्रत्येक आर्किटेक्चरवर बिल्ड सर्व्हर बनवतात. तुमच्या मशीनवर बनलेल्या बायनरी ‘टेस्टिंग’मध्ये, म्हणजे पुढची स्थिर आवृत्ती घडते तिथे, जातच नाहीत. तुम्हाला अपलोडचा हक्क नसेल तर पॅकेज ‘मेंटर्स’ या साइटवर ठेवून प्रायोजक, म्हणजे तुमच्या वतीने अपलोड करणारा डेव्हलपर, शोधा. तो तुमचं काम तपासून स्वतःच्या किल्लीने सही करतो. प्रायोजकाच्या शेऱ्यांवर रागावू नका. पहिल्या खेपेला ते भरपूर येतात.

मग बिल्ड सर्व्हरचे लॉग बघत बसायचं. डेबियन १३ मध्ये रिस्क-व्ही ६४ हे आर्किटेक्चर अधिकृत झालं, आयबीएमच्या मेनफ्रेमसाठीचं एस३९०एक्स आधीपासून आहे. एस३९०एक्सवर बाइट्सचा क्रम उलटा असतो, त्यामुळे इंटेलवर लपलेल्या चुका तिथे बाहेर येतात. सगळीकडे बिल्ड झालं आणि गंभीर बग आला नाही, तर साधारण तातडीचं पॅकेज पाच दिवसांनी ‘टेस्टिंग’मध्ये सरकतं. नव्या नावाचं बायनरी पॅकेज जोडलं असेल तर ते आधी ‘न्यू’ रांगेत थांबतं, तिथे माणूस परवाने तपासतो. घाई असेल त्या आठवड्यात नवं पॅकेज जोडू नये.

पायथनच्या स्थित्यंतरांवर डोळा ठेवा. जीडीबी पायथनच्या एका ठराविक आवृत्तीशी जोडला जातो. डेबियन १२ मध्ये ती ३.११ होती, १३ मध्ये ३.१३ झाली. मूळ पायथन बदलला की रिलीज टीम पॅकेज पुन्हा बांधून घेते, सोर्स न बदलता. तुम्हाला काही करायचं नसतं असं वाटतं, पण व्हेक्टरची वरची चाचणी तेव्हा पुन्हा करायचीच.

सातवी पायरी: बग

‘डिबगर चालत नाही’ असे बरेच रिपोर्ट डिबगरचे नसतातच. ते ओळखायला शिकलात की निम्मं काम हलकं होतं.

‘ऑपरेशन नॉट परमिटेड’ आलं तर आधी विचारा, कंटेनरमध्ये आहात का? मग कर्नलमधल्या ‘यामा’ या सुरक्षा मॉड्यूलची ‘पीट्रेस-स्कोप’ ही सेटिंग विचारा. ती १ असेल तर डिबगरने स्वतः न सुरू केलेल्या प्रोसेसला साध्या वापरकर्त्याला अटॅच करता येत नाही. ती कर्नलची राखण आहे, जीडीबीचा दोष नव्हे. कंटेनरमध्ये ॲड्रेस स्पेसचं यादृच्छिकीकरण बंद करता आलं नाही, अशी सूचनाही दिसते. तिचं मूळही कंटेनरच्या बंधनांत असतं.

व्हेरिएबलच्या किमतीऐवजी ‘ऑप्टिमाइज्ड आउट’ दिसण्याची तक्रार कायमची. कंपायलरने व्हेरिएबलच उडवलं तर डिबगर ते कुठून आणणार? कंपायलरला ‘-ओजी’ (डिबगिंगला सोयीचं ऑप्टिमायझेशन) देऊन पुन्हा बांधायला सांगा. पण ‘-ओ०’ देऊनही, म्हणजे ऑप्टिमायझेशन बंद करूनही, हाच संदेश येत असेल तर कान टवकारा, तिथे खरा बग असू शकतो.

‘माझी .जीडीबीइनिट (जीडीबीची सुरुवातीची सेटिंग फाइल) वाचली जात नाही’ हेही नेहमीचं. चालू डिरेक्टरीतली अनोळखी फाइल आपोआप चालवणं धोक्याचं आहे, म्हणून जीडीबी ७.५ पासून सुरक्षित पाथची यादी आली. पाथ त्या यादीत कसा घालायचा ते सांगा. ती यादी सगळ्यांसाठी सैल करा, अशी मागणी अधूनमधून येते. ती नम्रपणे नाकारायची.

उरलेल्या रिपोर्टांसाठी चार गोष्टी मागा: आवृत्ती, आर्किटेक्चर, बग दाखवणारा लहानात लहान प्रोग्रॅम आणि ‘-एनएक्स’ देऊन केलेल्या प्रयत्नाचा निकाल. ‘-एनएक्स’मुळे सुरुवातीच्या सेटिंग फाइली वाचल्या जात नाहीत, त्यामुळे वापरणाऱ्याच्या स्वतःच्या करामती बाजूला पडतात. बग तुमच्याकडे पुन्हा घडवता आला तर अपस्ट्रीमच्या अगदी ताज्या कोडवर घडतो का ते बघा. घडत असेल तर तिकडे नोंदवा आणि डेबियनच्या बगला तो दुवा जोडा. घडत नसेल तर कुठल्या कमिटने सुटला ते ‘गिट बायसेक्ट’ने शोधा, तुमचा पुढचा पॅच तोच. दोष जीसीसीचा निघाला तर बग तिकडे वळवा, पण ड्वॉर्फमधली नेमकी चुकीची नोंद ‘रीडएल्फ’ने काढून सोबत जोडा. पुराव्याशिवाय ढकललेला बग परत येतो, आणि येताना सोबत शेराही आणतो.

गांभीर्य ठरवताना माझा एक नियम आहे. क्रॅश होणाऱ्या डिबगरपेक्षा चुकीची किंमत दाखवणाऱ्या डिबगरचा बग वर. क्रॅश निदान लपत नाही.

स्थिर आवृत्तीतला जीडीबी

डेबियन १२ मध्ये १३.१ आहे, १३ मध्ये १६.३. तिथे नवी आवृत्ती टाकता येत नाही. गंभीर दोषाची नेमकी, लहान दुरुस्ती घेऊन रिलीज टीमकडे अर्ज करायचा, सोबत पूर्ण डिफ द्यायचा. नवं हवं असणाऱ्यांसाठी ‘बॅकपोर्ट्स’, म्हणजे स्थिर आवृत्तीसाठी पुन्हा बांधलेल्या नव्या पॅकेजांचा संग्रह, आहे. ते करायचं ठरवलंत तर नियमित करा. अर्धवट सोडलेला बॅकपोर्ट वापरणाऱ्याला जुन्या आवृत्तीपेक्षाही वाईट जागी नेऊन ठेवतो.

सुरुवात कुठून करावी, हा प्रश्न भारतातल्या नव्या लोकांकडून वारंवार येतो. २०२३ मध्ये डेबियनची जागतिक परिषद कोचीत झाली आणि डेबियनचा इन्स्टॉलर मराठीतही चालतो, म्हणजे माणसं आहेत. एकदम पॅकेज ताब्यात घेऊ नका. आधी जुन्या बगांपैकी एखादा घेऊन तो आजही घडतो का तेवढं तपासून लिहा. मग पॅच पाठवा. मग सध्याच्या मेंटेनरांना सांगून नव्या आवृत्तीचं एक काम पूर्ण हातात घ्या. आणि कधी वेळ मिळेनासा झाला तर गप्प बसण्याऐवजी ‘आरएफए’ (पॅकेज दत्तक घेण्याची विनंती) नोंदवून उत्तराधिकारी मागा. कोणीच मिळालं नाही तर ‘ओ’ नोंदवून पॅकेज बेवारस जाहीर करा. त्या नोंदीत चालू अडचणी, उरलेले पॅच आणि नेहमी नापास होणाऱ्या चाचण्यांची यादी लिहून ठेवली, तर पुढच्या माणसाचे काही आठवडे वाचतात.